दगडाची वाळू, वाळूचा दगड : नाशिकच्या गोदाकाठी गाळाचे खडक शिकताना

नाशिकमध्ये राहून खडकांचा अभ्यास सुरू करणाऱ्याला पहिला अडथळा येतो तो असा. पुस्तकात गाळाच्या खडकांचं, म्हणजे वाळू-माती थराथरांनी साचून बनलेल्या खडकांचं, भलंमोठं प्रकरण असतं आणि घराबाहेर पडावं तर चहूकडे काळा पाषाण. ब्रह्मगिरी काळ्या पाषाणाचा, अंजनेरी काळ्या पाषाणाचा, पांडवलेणी कोरली तीही त्यातच. वालुकाश्म नाही, चुनखडकाचा डोंगर नाही. मग शिकायचं कशावर?

गेली काही वर्षं मी शाळकरी मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना घेऊन गोदाकाठाने हिंडतो. त्यावरून सांगतो, हा विषय शिकायला नाशिक उत्तम जागा आहे. तयार गाळाचा खडक इथे फारसा नाही हे खरं. पण तो तयार होताना दगडावर जे जे घडतं, त्यातलं बहुतेक सगळं त्र्यंबकपासून नांदूर मध्यमेश्वरपर्यंतच्या पट्ट्यात उघड्यावर चालू आहे. शेवटची पायरी तेवढी इथे दिसत नाही. ती पाहायला परत घरी यायचं, स्वयंपाकघरात.

दोन दिवस बाहेर आणि आठवडाभर घरी, एवढा वेळ धरा. सोबत घ्यायचं सामान साधं आहे : भिंग, जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक, मोजपट्टी, जाड प्लास्टिकच्या पाच-सहा पिशव्या, मार्कर आणि वही. घरी लागतील झाकणाच्या दोन सारख्या काचेच्या बरण्या, तुरटी, भांडी घासायचा साबण आणि व्हिनेगर किंवा लिंबू. हातोडी नेऊ नका. फुटलेले तुकडे रस्त्याकडेला हवे तेवढे मिळतात, आणि लेण्यांच्या किंवा किल्ल्याच्या दगडाला हात लावायचा नसतो.

वेळ निवडावी ती दसऱ्यापासून शिवरात्रीपर्यंतची. पावसाळ्यात नदी गढूळ होते तो देखावा पुलावरून पाहावा, पात्रात उतरू नये. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की पाणी बघता बघता चढतं. शहरात नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागलं यावर लोक पूर मोजतात, ते उगीच नाही.

डोंगराच्या पायऱ्यांनी फसू नका

त्र्यंबक रस्त्याने जाताना डावीकडे अंजनेरी दिसतो, पुढे ब्रह्मगिरी. दोन्हींच्या कड्यांवर आडवे पट्टे आहेत, एकावर एक रचल्यासारखे. नवखा माणूस हमखास म्हणतो, "हे बघा थर, म्हणजे हा स्तरित खडक." तसं नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. प्रत्येक पट्टा म्हणजे लाव्ह्याचा एक लोट. आडवे थर दिसले की खडक गाळाचाच, असं धरून चालू नये.

ओळखायचं कसं? तुकडा हातात घेऊन ताजी फुटलेली बाजू भिंगाखाली धरा. गाळाच्या खडकात सुटे कण आणि त्यांना धरून ठेवणारा मसाला असे दोन भाग दिसतात, राजगिऱ्याच्या लाडवात दाणे आणि गूळ दिसावा तसे. बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या या काळ्या पाषाणात, तसं काही नसतं. बारीक स्फटिक एकमेकांत घट्ट अडकलेले असतात आणि पुष्कळदा वायूच्या बुडबुड्यांची भोकं राहिलेली असतात. त्या भोकांत नंतर पांढरी, हिरवट, गुलाबी खनिजं भरली. नाशिक जिल्ह्यातली झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत गेली ती अशाच पोकळ्यांतली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ती नीट मांडलेली पाहता येतात.

कुठे कुठे दोन लोटांच्या मध्ये विटकरी रंगाचा मऊ थर दिसतो. विहीर खणणारे त्याला गेरू म्हणतात. खालचा लोट थिजल्यावर बराच काळ उघडा राहिला, त्याची वरची कातडी कुजून माती झाली आणि मग वरून नवा तापलेला लोट आला. लाव्ह्याच्या काळातही ऊन-पाऊस दगडाची माती करतच होते, याचा हा पुरावा.

पहिली पायरी : दगड कुजतो

आपण दगडाला टिकाऊपणाची उपमा देतो. पण घाटात किंवा हमरस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे गाडी सुरक्षित जागी उभी करून दहा मिनिटं नीट बघा. मध्ये काळाकभिन्न गोल धोंडा, त्याच्याभोवती तपकिरी साल, त्याबाहेर आणखी मऊ साल, आणि सगळ्यात बाहेर हाताने चुरडता येईल असा मुरूम. लासलगावचा कांदा आडवा कापल्यावर दिसतो तसंच हे दिसतं. भूशास्त्रातही याला कांद्याचीच उपमा देतात.

लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. दगडाचे जणू ठोकळे झाले. पावसाचं पाणी भेगांतून आत गेलं. ठोकळ्याचे कोपरे तीन बाजूंनी भिजतात, कडा दोन बाजूंनी, सपाट बाजू एकाच बाजूने. म्हणून कोपरे आधी कुजतात आणि ठोकळ्याचा गोळा होतो. कोपरे घासून नव्हे, कुजून गोल झाले. नदीतला गोटा आणि हा गोळा दिसायला सारखे, पण दोघांची गोष्ट वेगळी. हा फरक वहीत चित्र काढून नोंदवून ठेवा, पुढे लागेल.

कुजण्यात काय होतं तेही कळायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळून ते किंचित आम्लधर्मी होतं. बेसाल्टमधल्या फेल्डस्पार खनिजावर या पाण्याचा परिणाम होऊन चिकणमाती बनते आणि त्यातलं कॅल्शियम पाण्यात विरघळून निघून जातं. लोह असलेली खनिजं गंजतात, त्यातून तांबूस-तपकिरी रंग येतो. म्हणजे एका दगडातून तीन प्रकारचा माल निघाला : न कुजलेले तुकडे, नवी बनलेली चिकणमाती आणि डोळ्यांना न दिसणारं, विरघळलेलं द्रव्य. हे विरघळलेलं द्रव्य लोक विसरतात. शेवटी दगड सांधण्याचं काम तेच करणार आहे.

पुस्तकांत बर्फ होऊन भेगा फुटतात असं उदाहरण असतं. निफाडला हिवाळ्यात पारा कितीही उतरला तरी आपल्या डोंगरांत ते काम फारसं नाही. आपल्याकडे दगड फोडतात ते पाणी, ऊन आणि झाडांची मुळं. जुन्या वाड्याच्या भिंतीत रुजलेला पिंपळ पाहिलात की मुळांची ताकद सांगायला नको.

दुसरी पायरी : सामान खाली येतं

ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या ओढ्यात पडलेले दगड बघा. धारदार, कोपरे शाबूत. आता सोमेश्वरजवळ या, जिथे गोदावरी उघड्या कातळावरून उडी घेते. तिथल्या खळग्यांत अडकलेले गोटे गुळगुळीत आहेत. आणखी खाली सायखेड्याकडे गेलात तर गोटे लहान आणि वाळू जास्त. उतारावरून घरंगळणं, पाण्यात एकमेकांवर आदळणं, तळाच्या कातळावर घासणं, यात दगडाचा आकार जातो.

मुलांना हे पटवायचं तर घरी एक प्रयोग करा. विटेचे सुपारीएवढे, टोकदार दहा तुकडे घ्या. झाकण घट्ट बसेल अशा पत्र्याच्या किंवा जाड प्लास्टिकच्या डब्यात घाला, थोडं पाणी ओता आणि शंभर वेळा खळखळवा. एक तुकडा काढून ठेवा. आणखी दोनशे वेळा, दुसरा काढा. मग पाचशे. तीन तुकडे शेजारी ठेवले की नदीचा प्रवास समोर दिसतो. डब्यातलं लाल पाणी फेकू नका, ते गाळून वाळवा. जी भुकटी उरेल तीच गोट्यांची गेलेली टोकं.

आकाराप्रमाणे या मालाची नावं ठरलेली आहेत. २५६ मिलिमीटरहून मोठा तो धोंडा. त्याखाली २ मिलिमीटरपर्यंत लहानमोठे गोटे आणि खडे. २ मिलिमीटरपासून मिलिमीटरच्या सोळाव्या भागापर्यंतची ती वाळू. त्याहून बारीक, मिलिमीटरच्या २५६व्या भागापर्यंतचा तो पोयटा. त्याखालची चिकणमाती. वाळू आणि माती ही नावं इथे फक्त आकाराची आहेत, कशाची बनली याच्याशी त्यांचा संबंध नाही. बोटांत चोळून ओळखा : वाळू खरखरते, पोयटा पिठासारखा लागतो, चिकणमाती ओली असताना साबणासारखी निसटते आणि तिची वळी वळता येते. जुने भूशास्त्रज्ञ पोयटा ओळखायला चिमूटभर माती दाताखाली घेत. शहराखालच्या गोदावरीत ते मुळीच करू नका, आणि नमुना हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

गोदावरीची वाळू भिंगाखाली

इथे थोडं थांबा, घाई करू नका. काठावरची मूठभर वाळू घरी आणून धुवा, वाळवा आणि पांढऱ्या कागदावर पसरा.

राजस्थानच्या वाळवंटातली वाळू मुख्यतः क्वार्ट्झ या कठीण, फिक्या खनिजाची असते, म्हणून ती फिकी दिसते. आपली वाळू काळपट आहे, कारण ती बेसाल्टच्याच बारक्या तुकड्यांची आहे आणि बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतं. अधूनमधून पांढरे, दुधी, मेणचट दाणे दिसतील. ते त्या बुडबुड्यांच्या भोकांतून आले : झिओलाइट, गारगोटी, अकीक. आता लोहचुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वाळूवरून फिरवा. काळे बारीक दाणे मिशा फुटल्यासारखे चिकटतील. हे मॅग्नेटाइट नावाचं लोहाचं खनिज, लाव्ह्यातूनच आलेलं. पिशवी उलटी केली की दाणे सुटे होतात, चुंबक स्वच्छ राहतो.

मुलं हे तासभर करत बसतात आणि मी त्यांना उठवत नाही. एका मुठीत वरच्या सगळ्या डोंगराचा हिशेब आहे. वाळू पाहून ती कुठल्या खडकातून आली हे ओळखणं म्हणजे या शास्त्रातलं अर्धं काम, आणि ते कागदावरच्या मुठीपासून सुरू होतं.

बेसाल्टची वाळू फार काळ वाळू राहत नाही. क्वार्ट्झ सहसा कुजत नाही, बेसाल्टचा दाणा कुजतो आणि त्याची चिकणमाती होते. आपल्याकडची काळी कपाशीची जमीन, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात बुटांना किलोकिलोने चिकटणारी, ती याच दगडाची शेवटची अवस्था.

तिसरी पायरी : गाळ बसतो

पाण्याचा वेग कमी झाला की ओझं खाली पडतं, आणि जड आधी पडतं. एवढा एकच नियम आहे. वळणाच्या आतल्या बाजूला, बंधाऱ्यामागे, संगमाजवळ, जिथे जिथे पाणी दमतं तिथे तिथे गाळ बसतो.

बरणीचा प्रयोग असा. नदीकाठच्या कोरड्या गाळातून दोन वाट्या माती घ्या, त्यात मूठभर वाळू मिसळा. दोन्ही बरण्यांत सारखी वाटून टाका, मानेपर्यंत पाणी भरा. पहिल्या बरणीत साबणाचे दोन-तीन थेंब टाका, म्हणजे मातीचे गठ्ठे सुटतील. दुसरीत अजून काही नको. दोन्ही बरण्या दोन मिनिटं जोरात हलवा आणि खिडकीत ठेवा.

घड्याळ लावा. वाळू एका मिनिटाच्या आत तळाला बसते, मार्करने खूण करा. पुढच्या काही मिनिटांत जाड पोयटा बसतो, मग तासन् तास बारीक. ८-१० तासांनंतरही वरचं पाणी चहासारखं गढूळ असेल. ती चिकणमाती. तिचे कण इतके बारीक आणि चपटे असतात, आणि सारख्याच विद्युतभारामुळे एकमेकांना असे दूर लोटतात, की साबणाच्या बरणीत दोन-तीन दिवसांतही पाणी नितळ होत नाही.

आता दुसऱ्या बरणीचं काम. पुन्हा हलवा आणि तुरटीचा खडा पाण्यात सात-आठ वेळा फिरवा. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आजी हंड्यात फिरवायची, तसाच. थोड्याच वेळात पाण्यात ढगासारखे पुंजके दिसतील आणि ते खाली बसू लागतील. तुरटीतल्या ॲल्युमिनियममुळे कणांचा एकमेकांना लोटणारा भार मोडला, कण जुळले, जड झाले, बसले. नदी समुद्राला मिळते तिथे हेच काम समुद्राचं मीठ करतं. गोदावरी आपली माती १,४६५ किलोमीटर वाहून नेते आणि आंध्रात बंगालच्या उपसागराच्या तोंडाशी खारं पाणी लागलं की त्यातली बरीचशी चिकणमाती तिथे सोडते. हंड्यातली तुरटी आणि गोदावरीचा त्रिभुज प्रदेश यांच्या मुळाशी एकच रसायन आहे.

बाहेर हेच मोठ्या प्रमाणावर पाहायचं तर नांदूर मध्यमेश्वरला जा. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बंधारा झाला. पाणी थबकलं, गाळ बसत गेला, उथळ बेटं झाली, त्यावर गवत आणि पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले. महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ ते हेच. लोक तिथे पक्षी पाहायला जातात. तुम्ही दुर्बीण थोडी खाली करून काठ पाहा. अभयारण्य आहे, तेव्हा माती उकरायची नाही, नमुना घ्यायचा नाही. पाणी उतरलेल्या कडेला वाळलेल्या चिखलाच्या पापड्या दिसतील, कडा वर वळलेल्या. पापडीच्या वरच्या बाजूला बारीक, खालच्या बाजूला किंचित जाड माती असते. पुराचं पाणी थबकताना जड आधी बसलं, बारीक नंतर. बरणीत पाहिलं तेच इथे नखाएवढ्या जाडीत आहे. कधी त्यावर बगळ्याच्या पायाचे ठसे असतात. तसा ठसा पुढच्या गाळाखाली अलगद झाकला गेला आणि कोट्यवधी वर्षं टिकला, तर त्याला जीवाश्म म्हणतात.

धरणांत बसलेला गाळ शेतकऱ्यांना चांगला ठाऊक आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ साली राज्यात सुरू झाली ती हाच माल पुन्हा शेतात नेण्यासाठी.

चौथी पायरी : दाब आणि सांधा

इथपर्यंत जमलं तो सुटा गाळ. त्याचा दगड व्हायला दोन गोष्टी लागतात. वरून दाब आणि मधून चिकटवणारा मसाला.

दाब कळायला सोपा. नुकत्या बसलेल्या चिखलात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. वर थरावर थर चढले की पाणी पिळून निघतं, चपटे कण आडवे होतात आणि एकमेकांवर बसतात. त्यातून शेल बनतो, पानं सुटावीत तसा पापुद्र्यांनी फुटणारा. वाळू मात्र दाबाने फारशी आवळत नाही, कारण दाणे दाण्यांना टेकलेलेच असतात. तिच्या मधल्या पोकळीत पाणी फिरतं आणि त्यातून चुना, सिलिका (क्वार्ट्झ ज्याचं बनतं ते द्रव्य) किंवा लोहाचा गंज साचून दाणे सांधले जातात. तो वालुकाश्म. गोलाकार गोटे सांधले गेले तर पिंडाश्म, धारदार तुकडे सांधले गेले तर संकोणाश्म.

कुजताना पाण्यात गेलेलं कॅल्शियम आठवतं? नाशिककर ते रोज बघतात. बोअरचं पाणी गिझरमध्ये तापलं की कॉइलवर पांढरं कवच धरतं, तो कॅल्शियम कार्बोनेट. काळ्या जमिनीत वाटाण्याएवढे, लिंबाएवढे पांढरट खडे सापडतात, तेही तेच. द्राक्षबागायतदार माती परीक्षणाच्या कागदावर चुनखडीचा आकडा आधी बघतात, कारण तो चढला की वेलीला लोह मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. त्यांना त्रास देणारा हाच चुना नदीकाठच्या जुन्या गोट्यांच्या थरात शिरतो आणि त्यांना घट्ट बांधतो.

आपल्या भागात तयार गाळाच्या खडकाच्या सगळ्यात जवळ जाणारी वस्तू ती हीच : काठाच्या उभ्या दरडीत खाली दिसणारा, चुन्याने सांधलेल्या गोट्यांचा आणि वाळूचा थर. तो आजच्या नदीचा नाही, जुन्या गोदावरीचा आहे. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांना नाशिकजवळ गंगापूरला अशा थरांत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं मिळाली. गोदावरीच्या या जुन्या गाळातून प्राचीन हत्तीचे अवशेष मिळाल्याचं १९०५ साली प्रसिद्ध झालं होतं. हत्यार करणारा माणूस, तो हत्ती आणि नदीचे गोटे, सगळे एकाच मसाल्यात अडकलेले.

एक चूक माझ्याकडून पहिल्या वर्षी झाली ती सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. काठावर पडलेला सांधलेल्या खड्यांचा मोठा तुकडा मी मुलांना पिंडाश्म म्हणून दाखवला, व्हिनेगर टाकून फेसही दाखवला, कारण चुना असला की व्हिनेगरने फेस येतो. तो जुन्या बांधकामाचं काँक्रीट होता. काँक्रीटमध्येही चुन्याचा अंश असतो, त्यामुळे ते फसफसतं. फेसावर विसंबू नका. काँक्रीटमधली खडी बहुधा यंत्रावर फोडलेली, धारदार आणि साधारण एका मापाची असते. नदीच्या थरात हरबऱ्यापासून नारळापर्यंत सगळी मापं असतात आणि कडा गोल. कुठे विटेचा कण, सळईचा गंज दिसतो का तेही पाहा. आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे सुटा तुकडा कधीच पुरेसा मानू नका. थर दरडीत दूरवर सलग गेलेला दिसला पाहिजे, खाली-वर मातीचे थर असले पाहिजेत.

सांधा घरी करून बघायचा असेल तर गरम पाण्यात मावेल तेवढी तुरटी विरघळवा, धुतलेल्या वाळूत ओता, कागदी कपात दाबून भरा आणि चार-पाच दिवस उन्हात ठेवा. कागद सोलला की हातात धरता येईल असा वाळूचा दगड निघतो. भिंगाखाली दाण्यांच्या मध्ये चकाकणारे स्फटिक दिसतील. मग तो पाण्यात टाका. थोड्या वेळात पुन्हा वाळू. मसाला कशाचा आहे यावर दगडाचं आयुष्य ठरतं, हे मुलं त्या क्षणी शिकतात. चुन्याने सांधलेला दगड आम्लाच्या पाण्यात विरत जातो, सिलिकाने सांधलेला पिढ्यान् पिढ्या टिकतो.

मग आपल्या नदीकाठचा सगळा गाळ कधीतरी दगड होईल का? बहुतेक नाही. इथला गाळ पातळ आहे, उघड्यावर आहे आणि पुढचा पूर त्यातला बराच उचलून नेतो. खडक व्हायला गाळ खोल गाडला जावा लागतो. त्यासाठी हळूहळू खचत जाणारी जागा हवी, म्हणजे वर कितीही गाळ येऊन पडला तरी खाली सामावत राहील. दर किलोमीटर खोलीला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढतं, त्या उबेत आणि दाबात सांधकाम चालतं. तशी जागा गोदावरीच्या तोंडाशी आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात किनाऱ्यालगत आणि समुद्राखाली गाळाचे काही किलोमीटर जाडीचे थर साचले आहेत, त्यातूनच नैसर्गिक वायू निघतो. ब्रह्मगिरीच्या सालीला दगड व्हायचं असेल तर तिथवर जावं लागेल.

शेवटची पायरी घरात

आता फरशीच्या दुकानात जा. बाहेर कापलेल्या तुकड्यांचा ढीग असतो, विचारलं तर बहुतेक दुकानदार मूठभर तुकडे असेच देतात. शहाबादी, कडप्पा, कोटा, पिवळा जैसलमेर, धोलपूर, ग्रॅनाइट आणि संगमरवर, एवढे मागा. प्रत्येकावर मार्करने नाव लिहा.

शहाबादी, कडप्पा, कोटा आणि जैसलमेर हे चार चुनखडक. शहाबादी फरशी कडेने बघा, आडव्या रेषा दिसतील. ती खाणीत थरांच्या बाजूने सपाट सुटते, म्हणून आपल्या जुन्या घरांत ती फारशी घासूनपुसून न घेताही बसवता आली. हे दगड दख्खनच्या लाव्ह्याहून कितीतरी आधीच्या समुद्रांत साचले. धोलपूर हा वालुकाश्म, भिंगाखाली वाळूचे दाणे स्पष्ट. ग्रॅनाइट अग्निज, म्हणजे वितळलेल्या द्रव्यातून थिजलेला, त्याचा या गोष्टीशी संबंध नाही, तुलनेसाठी ठेवा. संगमरवर म्हणजे उष्णतेने आणि दाबाने बदललेला चुनखडक. तो फसफसतो, पण त्याचे स्फटिक साखरेसारखे चमकतात, त्यावरून वेगळा काढता येतो.

गाळाचे सगळे खडक तुकड्यांपासून बनत नाहीत, हेही इथेच लक्षात घ्या. चुनखडक बराचसा पाण्यातल्या विरघळलेल्या चुन्यापासून आणि तो अंगावर घेणाऱ्या जीवांपासून बनतो. उपासाचं सैंधव मीठ म्हणजे आटलेल्या समुद्राचा खडक. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात जळतो तो दगडी कोळसा म्हणजे दलदलीत गाडली गेलेली वनस्पती.

तपासणी अशी करा. चाकूच्या टोकाने तुकड्याची खालची, पॉलिश नसलेली बाजू खरवडून थोडी भुकटी काढा आणि त्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाका. नुसत्या दगडावर टाकलात तर कधी काहीच दिसत नाही, भुकटीवर भिंगातून बुडबुडे नक्की दिसतात. लिंबूही चालतं, फक्त सावकाश. धोलपूर आणि ग्रॅनाइट गप्प राहतील. वहीत प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा : दाणे दिसतात का, थर दिसतात का, फेस येतो का. थेंब टाकून झाला की तुकडा लगेच धुवा आणि हा प्रयोग ओट्यावर करू नका. पॉलिश केलेल्या कडप्प्यावर लिंबू सांडलं की त्या जागी दगडाचा वरचा थर विरघळतो आणि राहिलेला फिका डाग घासून जात नाही.